मनगटावरचे प्रमाण : फिटनेस बँड आणि रोजचे आरोग्य



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं फिटनेस बँडवर काय बोलायचं? हा विषय डॉक्टरांचा, फार तर इंजिनिअरांचा. शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचंच उत्तर देतो. हा मनगटावरचा पट्टा दिवसभर आपल्याशी विधानं करत असतो. आज तुम्ही सहा हजार पावलं चाललात. काल रात्री तुमची गाढ झोप पन्नास मिनिटं झाली. तुमच्या दोनशे कॅलरी खर्च झाल्या. विधान आलं की ते कशाच्या आधारावर केलं हा प्रश्न आलाच. आपल्याकडे त्याला प्रमाणविचार म्हणतात, आणि आमची सगळी नोकरी त्यातच गेली. दुसरं म्हणजे हा पट्टा आरोग्याच्या नावानं विकला जातो. म्हणजे आरोग्य कशाला म्हणायचं, याचं एक उत्तर त्यानं आधीच गृहीत धरलेलं आहे. ते उत्तर आपल्याला मान्य आहे का, हे तपासायला डॉक्टरच पाहिजे असं नाही.

तेव्हा आज तीन प्रश्न घेऊ. पट्ट्याला नेमकं काय कळतं? त्यानं रोजच्या आरोग्याचं काही भलं होतं का? आणि ते भलं होताना आपल्या हातून काय निसटतं?

पहिला प्रश्न. पट्ट्याच्या पोटात दोन मुख्य गोष्टी असतात. एक, हालचाल ओळखणारा ॲक्सिलरोमीटर. हात कोणत्या दिशेला, किती झटक्यानं हलला, एवढं तो नोंदवतो. दुसरी गोष्ट म्हणजे पट्ट्याच्या मागच्या बाजूला लुकलुकणारा हिरवा दिवा. रक्त लाल असतं, ते हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे तो वाढतो. शेजारचा संवेदक हा चढउतार मोजतो. बास. पट्ट्याला प्रत्यक्ष कळतं ते एवढंच, हाताचा हिसका आणि प्रकाशाचा चढउतार. पावलं, कॅलरी, झोप, ताण, हे सगळं त्यावरून केलेलं अनुमान आहे.

न्यायदर्शनानं चार प्रमाणं सांगितली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पट्ट्याचा आकडा स्क्रीनवर ठळक दिसतो, म्हणून आपण त्याला प्रत्यक्षासारखा मान देतो. प्रत्यक्षात तो अनुमान आहे, आणि अनुमानाचा जीव व्याप्तीत असतो. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. जिथे अग्नी तिथे धूर, ही मात्र कच्ची, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर हवा तर सरपण ओलं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. आता पट्ट्याकडे बघा. 'जिथे हाताचा ठरावीक हेलकावा तिथे पाऊल' ही त्याची व्याप्ती. तिची उपाधी अशी की हात मोकळा पाहिजे आणि चालणारा माणूस तो हलवत चालत असला पाहिजे. आजी नातवाची बाबागाडी ढकलत बागेला तीन फेऱ्या मारतात, हात दांड्यावर स्थिर असतो, पावलं गायब. उलट एखादे वारकरी भजनाला मांडी घालून बसले आणि तासभर टाळ वाजवले, तर पट्ट्याला ते चालल्यासारखे वाटण्याची शक्यता असते. हेतू एकदा व्यभिचारी ठरला की अनुमान ढासळतं. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात ते हेच.

पण सगळी अनुमानं सारखी नसतात, आणि इथे पट्ट्याला न्याय दिला पाहिजे. प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी सांगणं हे जवळचं अनुमान आहे, मधे फारशा पायऱ्या नाहीत. कॅलरी सांगणं हे लांबचं. त्यासाठी नाडी, हालचाल, तुम्ही ॲपमध्ये भरलेलं वय, वजन, उंची, यावरून एक सूत्र मांडायचं आणि तुमचं शरीर त्या सूत्रातल्या सरासरी माणसासारखंच वागतं असं धरायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली सात उपकरणं साठ स्वयंसेवकांच्या हातावर बांधून तपासली. सातांपैकी सहा उपकरणांनी नाडी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीनं सांगितली, म्हणजे चांगलीच. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत बरं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. त्यानंतर उपकरणं सुधारली असतील, पण पायऱ्यांची संख्या तीच आहे. त्यामुळे 'बँडवर तीनशे कॅलरी जळल्या, आता एक साटोरी चालेल' हा हिशेब ज्यांच्या घरी चालतो त्यांनी तो सोडून द्यावा. साटोरी खायची तर खुशाल खावी, पट्ट्याची साक्ष काढू नये.

झोपेचंही असंच. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण हे सगळं मोजतात. पट्टा हालचाल आणि नाडी बघतो. तुम्ही रात्री दोन वाजता छताकडे बघत निश्चल पडून असाल, तर तो बऱ्याचदा तुम्हाला झोपलेलं समजतो. एकूण किती वेळ अंथरुणात होतात हे तो ठीक सांगेल, गाढ झोपेची मिनिटं मात्र अंदाज म्हणूनच घ्यावीत.

एका ठिकाणी तर ठाम नकारच दिला पाहिजे. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे घरटी एक मधुमेही आहे की काय असं वाटावं अशी स्थिती. अशा आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिनचं प्रमाण बदललं तर जिवाशी खेळ होईल. इथे आधीच व्याप्ती नाही, तर अनुमान कुठलं?

आता दुसरा प्रश्न. भलं होतं का? होतं. नाही म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. २०२२ साली 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ' या नियतकालिकात आधीच्या अनेक आढाव्यांचा मिळून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असं आढळलं की पट्टा किंवा तत्सम उपकरण वापरणारे लोक दिवसाला सरासरी सुमारे १,८०० पावलं जास्त चालतात आणि वजन साधारण एक किलो कमी होतं. एक किलो म्हणजे फार नाही. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला १,८०० पावलं जास्त चालायला लावणं ही काही थोडकी गोष्ट नव्हे. डॉक्टर, बायको आणि मुलं मिळून वर्षानुवर्षं सांगतात तरी ते होत नाही.

दुसरा फायदा हृदयाच्या लयीचा. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार लाख एकोणीस हजारांवर लोकांच्या मनगटावरच्या घड्याळांनी नाडीची अनियमितता शोधली. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. जेमतेम अर्ध्या टक्का लोकांना सूचना गेली. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर ईसीजीची पट्टी छातीवर लावून परत पाठवली, त्यांच्यात सुमारे ३४ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हा दोष येऊन जाऊन असतो, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. अशी सूचना आली तर घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. डॉक्टरांकडे जाऊन रीतसर ईसीजी काढावा. म्हणजे इथे पट्टा निकाल देत नाही, तो दार ठोठावतो. ठोठावण्यापुरता तो उपयोगी आहे.

याच्या उलट बाजूचाही पुरावा ऐका. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी ४७१ तरुण, वजन जास्त असलेल्या लोकांचे दोन गट केले. दोघांनाही आहार-व्यायामाचा एकच कार्यक्रम. सहा महिन्यांनंतर एका गटाला दंडावर बांधायचं उपकरण दिलं, दुसऱ्यानं आपल्या नोंदी स्वतः करायच्या. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो कमी झालं होतं आणि स्वतः नोंदी करणाऱ्यांचं जवळजवळ सहा किलो. २०१६ सालचा हा अभ्यास आहे. असं का झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. पण आपण स्वतः लिहिलेल्या नोंदीकडे आपण दोनदा लक्ष देतो, एकदा करताना आणि एकदा लिहिताना, हे आपल्यापैकी ज्यांनी घरखर्चाची वही ठेवली आहे त्यांना सांगायला नको.

आता दहा हजार पावलांचं बघू. हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात इतका पक्का बसलेला आहे की तो जणू वेदवाक्य. त्याचा जन्म जपानमध्ये झाला. टोकियो ऑलिंपिक १९६४ साली झालं, चालण्याची हौस वाढली, आणि १९६५ साली एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', अर्थ दहा-हजार-पावलं-मापक. आकडा ऐकायला गोल, लक्षात राहायला सोपा. विज्ञानानं शोधून काढला आणि मग यंत्रात घातला असा तो नाही. यंत्राच्या नावातून तो आपल्या घरात आला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्कर स्त्रियांचा अभ्यास झाला, सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी, ४१ टक्क्यांनी कमी, आढळलं. फायदा ७,५०० च्या आसपास थांबला. अशा अभ्यासातून चालण्यामुळेच आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण जे धडधाकट असतात तेच जास्त चालतात. तरी इतकं नक्की की आपल्या वयाच्या माणसानं साडेसहा हजारांवर थांबून 'आज नापास झालो' असं म्हणायचं कारण नाही.

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आज इथे यावंसं वाटलं ते खरं याच प्रश्नासाठी.

प्लेटोच्या 'स्टेट्समन' या संवादात मोजण्याच्या दोन कला सांगितल्या आहेत. एकीत आपण लांबी, संख्या, वेग हे एकमेकांशी ताडून मोजतो. दुसरीत आपण उचित काय, वेळेला धरून काय, हे जोखतो. हान्स-गेऑर्ग गादामर या जर्मन तत्त्वज्ञानं आरोग्यावरच्या आपल्या लेखांत हाच भेद घेतला. त्यांचं म्हणणं असं की आरोग्य स्वतःला दाखवत नाही, ते लपलेलं असतं. आजार समोर येतो, दुखतो, बोलतो. आरोग्य असतं तेव्हा आपण शरीराला विसरून कामात, गप्पांत, माणसांत रमलेले असतो. गादामरांना तरुणपणी पोलिओ झाला होता, पायात दोष राहिला. ते १०२ वर्षं जगले आणि अखेरपर्यंत विचार करत राहिले. त्यांच्या पावलांवर कुणी गुण दिले असते तर किती दिले असते, याची कल्पना करून बघा.

आपल्या मराठीतही हा भेद आहे. 'मोजणं' हा शब्द घ्या, आणि त्यातूनच आलेला 'मोजका'. मोजकं बोलणारा माणूस शब्द मोजत बसलेला नसतो. किती पुरे ते त्याला कळलेलं असतं. 'बेतानं खा', 'बेतानं चाल' असं आई सांगते तेव्हा ती आकडा देत नाही. त्या मुलाचं पोट, त्याचा कालचा ताप, बाहेरचं ऊन, हे सगळं तिच्या 'बेतानं'मध्ये असतं. सुश्रुतानं स्वस्थ कुणाला म्हणावं हे सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न असणंही घातलं आहे. आणि 'स्वस्थ' या शब्दाचा सरळ अर्थ बघा, जो स्वतःत स्थिर आहे तो. मग 'आज मला बरं वाटतंय का?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला जो आधी मनगटाकडे बघतो, त्याला स्वस्थ म्हणायचं का?

हे आम्ही अलंकारिक बोलत नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या काही निद्रातज्ज्ञांनी तीन रुग्णांची हकिकत मांडली. हे लोक पट्ट्यावरचे झोपेचे आकडे सुधारण्याच्या मागे लागले होते आणि त्या चिंतेनंच झोपेच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात आले होते. प्रयोगशाळेतली तपासणी झाल्यावरही त्यांचा विश्वास पट्ट्यावरच जास्त. या अवस्थेला तज्ज्ञांनी ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. त्याआधी, २०१६ साली, जॉर्डन एटकिन या संशोधिकेनं प्रयोग करून दाखवलं होतं की चालण्यासारख्या आनंदाच्या गोष्टी मोजायला लागलं की माणसं त्या जास्त करतात, पण त्यांतला आनंद कमी होतो. फिरणं कामासारखं वाटायला लागतं. आणि मोजणं थांबलं की ती गोष्ट पुन्हा करण्याची इच्छाही घटते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनव्यवहाराबद्दल जे निरीक्षण केलं तेच इथे लागू पडतं: मोजमापाला लक्ष्य बनवलं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. रात्री पावणेबाराला हॉलमध्ये येरझारा घालून आकडा पुरा करणारे आणि त्यापायी झोप गमावणारे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

आणखी एक गोष्ट. पट्टा कुणाचं शरीर डोळ्यांसमोर ठेवून बनवला आहे? दिवसभर बसणारा, संध्याकाळी मुद्दाम चालायला जाणारा शहरी माणूस. कोकणात आषाढात भातलावणी करणारी बाई सहा-सात तास वाकून चिखलात रोपं लावते. तिच्या हातावर पट्टा बांधला तर पावलं थोडीच दिसतील. घरात कणीक मळणं, उकिडवं बसून फरशी पुसणं, हंडा उचलणं, यांतल्या कष्टाचा पट्ट्याला नीट पत्ता लागत नाही. सुनेच्या मनगटावर तीन हजार आणि सासऱ्यांच्या मनगटावर नऊ हजार दिसले, म्हणून सासरे जास्त कष्टले असा निष्कर्ष कुणी काढला तर घरात काय होईल ते तुम्ही जाणता. न मोजलेलं काम हे काम नाही, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे. हा पट्टा तिला नवा आधार देतो.

आणि आता जरा नाजूक मुद्दा. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात आपल्या वयाची कितीतरी जोडपी अशी आहेत की मुलं अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आहेत. मुलगी वाढदिवसाला पट्टा पाठवते, ॲप जोडून देते, आणि मग सकाळी तिचा फोन येतो: 'बाबा, काल तुम्ही बाराशेच पावलं चाललात, बरं नाही का?' यात प्रेम आहे, शंकाच नाही. हजारो मैलांवरून दुसरं काय करणार ती? पण हळूहळू 'काल काय केलंत, कोण आलं होतं' हा प्रश्न मागे पडतो आणि आकडा पुढे येतो. वडीलही मग काल पावसात गॅलरीत बसून जुन्या मित्राशी दोन तास बोललो हे सांगायचं सोडून आकड्याचा खुलासा देत बसतात. काळजी आणि पाळत यांच्यातली रेघ बारीक असते. त्यावर उपाय साधा आहे. आकडा बघायचा की नाही हे ज्याच्या मनगटावर पट्टा आहे त्यानं ठरवायचं, आणि फोनवर पहिला प्रश्न आकड्याचा नसावा.

घरच्यांची पाळत तरी मायेची. बाहेरच्यांचं काय? गुगलनं फिटबिट ही कंपनी घेतली तेव्हा युरोपीय आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये अट घातली की युरोपातल्या वापरकर्त्यांची आरोग्याची माहिती दहा वर्षं जाहिरातींसाठी वापरायची नाही. ही अट तिथल्या नागरिकांपुरती. आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि तो संमतीवर उभा आहे. पण 'मान्य आहे' वर बोट ठेवताना आपण काय वाचतो? आज काही विमा कंपन्या पावलांच्या बदल्यात हप्त्यात सवलत देतात. ऐकायला छान वाटतं. पण जो चालतो त्याला सवलत, याचा दुसरा अर्थ असा की ज्याला संधिवात आहे किंवा जिला चालायला रस्ताच सुरक्षित नाही, तिनं जास्त भरायचं. आपल्या शहरांत पदपथ फुटलेले, त्यावर गाड्या लावलेल्या. पदपथ दुरुस्त करायची जबाबदारी पालिकेची. पट्टा ती गुपचूप तुमच्या इच्छाशक्तीवर ढकलतो. आरोग्य ही सार्वजनिक गोष्ट आहे, हे विसरायला लावणं हा या पट्ट्यावरचा आमचा सर्वांत गंभीर आक्षेप.

मग घालायचा की नाही? ज्याला बैठं आयुष्य मोडायचं आहे त्यानं दोन-तीन महिने जरूर घालावा. तेवढ्यात आपलं नेहमीचं चालणं किती, हे कळतं. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला ताडू नये. मागच्या महिन्याच्या आपल्याच सरासरीशी ताडावा. नाडीची सूचना आली तर डॉक्टर, कॅलरीला सोडचिठ्ठी, साखर आणि रक्तदाब त्यांच्या रीतसर साधनांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत, आणि ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम. एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे पट्टा सहसा मोजत नाही. पण म्हातारपणी पडणं टाळायचं ते त्यानंच. आणि सवय लागली की पट्टा काढून ठेवावा. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तो जन्मभर कुणी बांधून ठेवत नाही.

उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हा एक करून बघा. परत आल्यावर, आकडा बघायच्या आधी, स्वतःच सांगा: दम किती लागला, गुडघा काय म्हणतो, मन कसं आहे, वाटेत कोण भेटलं. मग वाटलं तर आकडा बघा. या क्रमानं बघितलं तर पट्टा साक्षीदार राहतो, न्यायाधीश होत नाही. निवाडा करायचं काम आपलंच आहे, आणि ते आपल्याला अजून जमतं.